पैसा काढला, तारुण्य काढलं, बहिणी काढल्या: तीन नव्या कॉमिक्स मालिकांपैकी आधी कोणती वाचावी?

बॅटमॅन १९३९ चा, वंडर वुमन १९४१ ची, स्पायडरमॅन १९६२ चा. इतक्या वर्षांच्या अंकांच्या थप्पीसमोर उभं राहिलं की नवा वाचक एकच विचारतो: सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या मुख्य मालिकांच्या वाटेला सध्या जाऊ नका. २०२३-२४ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन्ही अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकांनी वेगळी विश्वं उभी करून पाटी कोरी केली. तिथल्या मालिका मागचं एक पानही न वाचता कळतात. त्यातल्या तीन इथे समोरासमोर ठेवतो.

तिन्हींची युक्ती एकच आहे. नायकाची सगळ्यांत ओळखीची गोष्ट काढून घ्यायची आणि मग तो काय करतो ते बघायचं. त्यामुळे मी एवढंच तपासलं, की काढून घेतल्यावर पात्राबद्दल नवं काही कळलं, की नुसता पोशाख बदलला?

'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'मध्ये (लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा) ब्रूस वेनचा, म्हणजे बॅटमॅनचा, पैसाच काढलाय. हवेली नाही, बटलर नाही. वडील शाळामास्तर होते, आई जिवंत आहे आणि ब्रूस स्वतः तरुण इंजिनिअर. एरवी बटलर असणारा आल्फ्रेड आहे, पण ब्रिटिश गुप्तहेर म्हणून. तो या पोराला लांबून न्याहाळतो आणि गोष्ट आपल्याला त्याच्याच तोंडून कळते. बॅटमॅन असतो दारात न मावणाऱ्या अंगाचा. छातीवरचं वटवाघूळ उपटलं की त्याची कुऱ्हाड होते, मुखवट्याचे कान काढले की सुरे. पहिला अंक वाचताना मी दोनदा मोठ्याने हसलो, आणि ते कौतुकाचं हसू होतं.

एक शंका मात्र सहा अंक संपेपर्यंत गेली नाही. पैसे नाहीत म्हणता, मग हे सामान येतं कुठून? बांधकामाचं ज्ञान, रात्रीची मेहनत वगैरे खुलासा मिळतो. मला तो तोकडा वाटला. पहिल्या कथेतला खलनायक ब्लॅक मास्कही तसा उथळच. आवाज मोठा, आत फारसं काही नाही.

तरीही ही मालिका मी सोडली नाही, त्याचं कारण कुऱ्हाड नाही, मित्र आहेत. वेलन जोन्स, ऑस्वल्ड, एडी, हार्वी. एरवी जे किलर क्रॉक, पेंग्विन, रिडलर, टू-फेस या नावांनी बॅटमॅनचे शत्रू असतात, ते इथे ब्रूसचे बालपणापासूनचे सवंगडी आहेत. ते पत्ते खेळतात, एकमेकांची खेचतात, आणि आपल्या पोटात गोळा येतो, कारण ही नावं पुढे कुठे जाऊ शकतात हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्यांना नसतं. पैसा काढून स्नायडरने त्या जागी माणसं ठेवली. सगळी मालिका त्या एका निर्णयावर उभी आहे. (सातव्या-आठव्या अंकात चित्रकार मार्कोस मार्टिन मिस्टर फ्रीझ या खलनायकाची गोष्ट रेखाटतो. ड्रॅगोटाच्या धडाक्यानंतर ती रेष अंगावर गारठा आणते.)

'अल्टिमेट स्पायडरमॅन' नेमकी उलट प्रकृतीची. लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को चेकेटो, पहिला अंक जानेवारी २०२४ चा. इथे तारुण्य काढून घेतलंय. ज्याच्या चाव्याने पीटर पार्कर शाळकरी वयात स्पायडरमॅन होतो, तो कोळी इथे त्याला चावूच दिला गेला नाही. तो आता पस्तिशीच्या आसपासचा आहे, मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, पोट किंचित सुटलंय. अंकल बेन जिवंत आहेत, गेलीय ती आंट मे. आणि कोळी अपघाताने चावत नाही: पेटी समोर येते, उघडायची की नाही हे पीटर ठरवतो.

हा बदल मला तिन्हींत सगळ्यांत धाडसी वाटतो. 'माझ्यामुळे काका गेले' हा सल म्हणजे मूळ स्पायडरमॅनचं इंजिन. तेच काढून टाकलं. उरतं काय? संसार सुखाचा आहे, तरी काहीतरी राहून गेलंय ही हुरहुर. सूड नाही, प्रायश्चित्त नाही. मुलं असलेल्या माणसाने असा निर्णय घ्यावा का, हा प्रश्न हिकमन भाषण न देता पानापानांतून विचारत राहतो. पोशाखाच्या रंगात मुलगी लक्ष घालते तो प्रसंग कुठल्याही मारामारीपेक्षा माझ्या जास्त लक्षात राहिला.

पण गती! इथे साधारण एका अंकात एक महिना सरतो, वाचकाच्या महिन्याबरोबर पात्रांचाही. कल्पना सुरेख आहे, पण त्यामुळे मोठमोठ्या घटना दोन अंकांच्या फटीत घडून जातात आणि आपल्या वाट्याला त्यांच्यावरच्या गप्पा येतात. चौथा अंक जवळजवळ पूर्ण दोन जोडप्यांच्या जेवणावर आहे. मला तो आवडला. माझ्या मित्राने तिथेच मालिका बंद केली, आणि त्याला मी दोष देत नाही. बेन आणि संपादक जेमसन नवं वर्तमानपत्र काढतात ते उपकथानकही असंच, चवीने वाचणाऱ्यासाठी. सुट्या अंकांत ही मालिका अपुरी वाटते. पहिल्या संग्रहात सहा अंक आहेत, ते सलग वाचा.

आता 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन'. लेखिका केली थॉम्पसन, चित्रकार हेडन शर्मन, रंग जॉर्डी बेलेअरचे. डायनाकडून, म्हणजे वंडर वुमनकडून, तिचं बेट आणि तिच्या बहिणी काढून घेतल्या; तान्ही असताना ती नरकात सर्सी या चेटकिणीच्या पदरात पडते. यातून कडवट, खुनशी योद्धी उभी करणं सोपं होतं, थॉम्पसन ते टाळते. ही डायना चेटूक जाणते, पानात मावेल की नाही अशी तलवार पेलते, हाडांच्या सापळ्याच्या पंखवाल्या घोड्यावर बसते, आणि तिघांत सगळ्यांत मायाळू तीच आहे. नरकातल्या भयाण जनावरांना ती लळा लावते. सगळं काढून घेतल्यावरही जे उरलं, तेच तिचं मूळ, हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, दिसतं. शिवाय पहिली कथा पाच अंकांत नीट संपते.

तेव्हा आधीपासून कुठल्याच नायकावर जीव नसेल तर डायनापासून सुरुवात करा. दर महिन्याला एक सणसणीत अंक हवा असेल तर बॅटमॅन. त्यात रक्त बरंच आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका. स्पायडरमॅन आधी कधीतरी वाचलेला असेल आणि आता तुमचीही चाळिशी जवळ आली असेल, तर हिकमनचा पीटर टोचेल, पण तो रविवारच्या निवांत दुपारसाठी ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणार असाल तर स्पायडरमॅनचं काही बिघडत नाही, चेहरे आणि संवाद छोट्या पडद्यावरही पोचतात. बॅटमॅन निम्मा पोचतो. शर्मनची जोडपानं (समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली चित्रं) मात्र चौकटींत कापली की त्यांचा जीवच जातो. मी पहिल्यांदा तशीच वाचली आणि डायना ठीकठाक आहे असं म्हणून बाजूला ठेवली होती. छापील प्रत हातात आल्यावर मत बदललं.