साडेपाच डॉलरचा निकाल: ‘हाऊ गे आर यू?’ या जनुकीय ॲपचे उशिरा लिहिलेले परीक्षण

बाजारातून उठलेल्या मालाचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, आणि ‘हाऊ गे आर यू?’ हे ॲप तर 2019 च्या शरद ऋतूत विक्रीला आले आणि फार दिवस टिकलेही नाही. तरीही ते लिहावेसे वाटते, कारण हे ॲप ज्या शास्त्रीय निबंधावर उभे होते तो निबंध कोणालाही वाचता येतो, त्यातले आकडे घेऊन असाच हिशेब पुन्हा कोणीही मांडू शकतो, आणि परदेशातील मराठी घरांतही कुळाचा शोध म्हणून लाळेची नळी भरून पाठवणारी मंडळी आहेत. मी हे ॲप विकत घेतले नव्हते. त्याचे जाहीर वर्णन, त्यावर झालेली टीका आणि मूळ निबंध एवढ्यावरच हे परीक्षण आधारलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

जनुकीय ॲप विकणाऱ्या जीनप्लाझा या ऑनलाइन बाजारपेठेत ते ठेवलेले होते. ग्राहकाने 23अँडमीसारख्या, लाळेवरून डीएनए तपासून देणाऱ्या कंपनीकडून मिळालेली आपल्या डीएनएची फाइल तेथे चढवायची, साडेपाच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चारशे रुपयांच्या आतली रक्कम भरायची, आणि समलिंगी आकर्षणाच्या एका चढत्या पट्टीवर आपण कोठे बसतो ते पाहायचे, असा व्यवहार होता. हे ॲप समलिंगी आकर्षणाचे भाकीत करत नाही, अशी सूचनाही सोबत होती. नाव ‘तुम्ही किती गे आहात?’, उत्तर पट्टीवरच्या खुणेच्या रूपात, आणि खाली बारीक अक्षरांत हे भाकीत नव्हे असा खुलासा! वजनकाट्यावर ‘हा काटा वजन दाखवत नाही’ अशी पाटी लावून तो दुकानात मांडावा, तसा हा प्रकार होता.

त्याचे निर्माते जोएल बेलेन्सन हे त्या वेळी युगांडात राहणारे अमेरिकन उद्योजक. त्यांनी सहकाऱ्यासह 1999 मध्ये डिजीसेंट्स नावाची कंपनी काढून संगणकाला जोडण्याचे, पडद्यावरील मजकुराप्रमाणे वास सोडणारे ‘आयस्मेल’ हे यंत्र बाजारात आणण्याचा खटाटोप केला होता. हा तपशील निव्वळ गमतीचा नाही. ज्या निबंधावर हे नवे ॲप बेतले होते, त्यात पुरुषांमध्ये सापडलेल्या जनुकीय खुणांपैकी (म्हणजे डीएनएमध्ये माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या जागांपैकी) एक खूण 11 व्या गुणसूत्राच्या अशा भागात आहे, जेथे नाकातील वास टिपणाऱ्या संवेदकांची जनुके दाटीने बसलेली आहेत. तर दुसरी खूण पुरुषांना टक्कल पडण्याशी जोडली गेलेली आहे. अशा खुणांवरून माणसाच्या प्रेमाविषयी काय सांगता येईल, याबद्दल मूळ संशोधक फार सावध होते. ती सावधगिरी ॲपमध्ये उतरली नाही.

ऑगस्ट 2019 अखेरीस ‘सायन्स’ नियतकालिकात आंद्रेआ गाना आणि सहकाऱ्यांचा तो निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील यूके बायोबँक हा आरोग्य व जनुकीय माहितीचा संग्रह आणि अमेरिकेतील 23अँडमी यांच्याकडील मिळून 4,77,522 व्यक्तींची जनुकीय माहिती त्यात तपासलेली होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून खात्रीने हाती लागल्या त्या फक्त 5 खुणा: 2 स्त्री-पुरुष दोघांत, 2 केवळ पुरुषांत आणि 1 केवळ स्त्रियांत. सर्व जनुकीय खुणांचा एकत्रित प्रभाव धरला तर वर्तनातील फरकाच्या 8 ते 25 टक्के भागाचा संबंध त्यांच्याशी लागतो. पण त्या खुणांची बेरीज करून काढलेला गुणांक नव्या माणसांना लावून पाहिला, तेव्हा त्याने फरकाचा 1 टक्काही उलगडला नाही. ग्राहकाने पैसे मोजून विकत घेतला तो हाच दुसरा आकडा, आणि त्याच्या मनावर छाप पडली ती पहिल्याची.

मात्र माझा खरा आक्षेप अचूकतेवर नाही. उद्या 1 टक्क्याचे 10 टक्के झाले तरी मोजले काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी आयुष्यात एकदा तरी शरीरसंबंध आला आहे काय, असा प्रश्न सहभागी व्यक्तींना विचारलेला होता आणि होय किंवा नाही एवढ्या उत्तरावर त्यांचे दोन गट पाडले गेले. जन्मभर पुरुषांवर प्रेम करून समाजाच्या धाकाने कोणाच्याही जवळ न गेलेला माणूस या हिशेबात ‘नाही’मध्ये जातो, तर तरुणपणी वसतिगृहात एकदाच काही घडले आणि पुढे चाळीस वर्षे बायकोशी समाधानाने संसार केला, तो माणूस ‘होय’मध्ये. मनाची ओढ, प्रत्यक्ष वर्तन आणि स्वतःला लावून घेतलेले नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधाच्या लेखकांनी ‘वर्तन’ हा शब्द जपून वापरला होता. ॲपने त्याचे ‘आकर्षण’ केले, आणि शीर्षकात तर माणसाची ओळखच करून टाकली.

शिवाय हे ‘होय’ म्हणणारे कोण होते, तेही पाहिले पाहिजे. यूके बायोबँकमध्ये 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वर्षे वयाचे लोक भरती झाले. त्यांच्यातील वयस्क पुरुषांच्या किशोरवयात पुरुषांमधील संबंध इंग्लंडमध्ये गुन्हा होता. तेथे कायदा सैल झाला तो 1967 मध्ये, आणि तोही 21 वर्षांवरील पुरुषांपुरता, खासगी जागेपुरता. या संग्रहात ‘होय’ म्हणणारे पुरुष 4.1 टक्के आणि स्त्रिया 2.8 टक्के होत्या, तर 23अँडमीच्या नमुन्यात तेच प्रमाण 18.9 टक्के होते. ही तफावत रक्तातली नाही. कोण उत्तर द्यायला पुढे आले आणि किती मोकळेपणाने बोलले, याची ती आहे. याच निबंधात या जनुकीय खुणांचे नवे अनुभव घेण्याच्या वृत्तीशी, जोखीम पत्करण्याशी आणि लैंगिक जोडीदारांच्या संख्येशीही नाते दिसले होते. म्हणजे कायद्याचा बडगा असलेल्या काळात ‘एकदा तरी’ची पायरी ओलांडणाऱ्या माणसाच्या धाडसाचा काही भाग ॲपच्या पट्टीवर ‘गे’पणा म्हणून नोंदला गेला असण्याची शक्यता आहे.

त्या टक्केवारीबद्दलही थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ‘8 ते 25 टक्के’ म्हणजे प्रत्येक माणसाचा तेवढा हिस्सा जनुकांनी घडवला, असा समज सहज होतो. आनुवंशिकतेचा हा आकडा एका माणसाविषयी नसतो. ठरावीक काळातील, ठरावीक समाजातील माणसामाणसांतल्या फरकाविषयी असतो. तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी यासाठी कानातल्यांचे उदाहरण दिले होते. आपल्याकडे ते मंगळसूत्राला चपखल लागू पडते. मंगळसूत्र घालणे आणि न घालणे हा फरक गुणसूत्रांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, म्हणून गणितात त्याची आनुवंशिकता भरभक्कम निघेल, पण मंगळसूत्राचे जनुक शोधायला कोणी प्रयोगशाळेत जाणार नाही. लैंगिक कल हा मंगळसूत्रासारखा निव्वळ रिवाज आहे असे मला म्हणायचे नाही. आकडा निघाला म्हणजे कारण सापडले, एवढी घाई करू नये, इतकेच म्हणणे आहे.

आणि पट्टी? अमेरिकन लैंगिकता-संशोधक किन्झी यांनी 1948 मध्ये 0 ते 6 अशी मोजपट्टी दिली. एका टोकाला केवळ भिन्नलिंगी, दुसऱ्या टोकाला केवळ समलिंगी. गाना यांच्या निबंधाने नेमक्या याच एकरेषीय कल्पनेवर शंका घेतली होती. समलिंगी संबंध कधीच न येणे आणि येणे यांतला फरक, आणि ज्यांना तो आला त्यांच्यात तो कमी-अधिक प्रमाणात असण्याचा फरक, यांमागची जनुकीय कारणे एकसारखी नाहीत, असे तेथे दिसले. म्हणजे ॲप ज्या निबंधाचा आधार सांगत होते, त्या निबंधानेच ॲपची पट्टी मोडीत काढली होती. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूट या जनुकसंशोधन संस्थेतील एका संशोधकाने सुरू केलेल्या निषेधाच्या निवेदनावर 1,600 हून अधिक सह्या झाल्यावर या मालाने ‘122 शेड्स ऑफ ग्रे’ असे नाव धारण केले. ‘गे’ला एक रकार जोडून ‘ग्रे’ केले, पट्टी मात्र तशीच राहिली.

मराठी ग्राहकासाठी आणखी एक अडचण होती, जी खरे तर वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. हा सगळा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे, आणि एका वंशसमूहातून काढलेले असे गुणांक दुसऱ्या समूहात आणखी दुबळे ठरतात, हे जनुकशास्त्रात सर्वज्ञात आहे.

आता नीतीकडे वळतो. येथे ॲपपेक्षा त्याच्या निर्मात्याचा पत्ता अधिक बोलका आहे. युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी यांनी 2014 मध्ये समलैंगिकताविरोधी विधेयकावर सही करण्याआधी आपल्या शास्त्रज्ञांना विचारले होते की हे जन्मजात आहे काय. निश्चित असे जनुक सापडलेले नाही, पण हा आजारही नाही, असे दोन्ही मुद्दे त्यांच्या अहवालात होते. अध्यक्षांनी पहिला उचलला, दुसरा सोडला, आणि 24 फेब्रुवारीला सही केली. तो कायदा त्याच वर्षी न्यायालयात रद्द झाला. 2023 मध्ये त्याहून कठोर, काही प्रसंगी मृत्युदंडाचीही तरतूद असलेला कायदा आला. अशा देशात बसून कोणाच्याही फाइलवरून ‘किती गे’ ते सांगणारे साधन विकणे हा, अगदी सौम्य शब्दांत, अविचार होता. फाइल चढवणारा माणूस तिचा मालकच असेल, याची खात्री तरी कशी द्यायची?

शास्त्रज्ञांकडून उलट, म्हणजे ‘होय, हे जन्मजात आहे’ असे उत्तर आले असते, तर ते सुरक्षित ठरले असते का? महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. गर्भजल परीक्षा गर्भातील दोष शोधण्यासाठी आली आणि मुली नाकारण्याचे हत्यार झाली. इतकी, की 1988 मध्ये तिला आवर घालणारा कायदा देशात सर्वप्रथम आपल्याच राज्याला करावा लागला. ज्या समाजाला एखाद्या प्रकारचे अपत्य नको असते, त्याच्या हाती तसे अपत्य ओळखणारी चाचणी आली की पुढे काय होते, हे आपण घराघरांत पाहिले आहे. म्हणूनच ‘जन्मजात आहे, म्हणून मान्य करा’ हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. धर्म बदलता येतो, तरी धर्मस्वातंत्र्य असते. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज जोहर निकालातही निसर्गदत्ततेचा मुद्दा आला, पण निकालाचा भार प्रतिष्ठा, समता आणि खासगीपणा यांवर होता, आणि नैसर्गिक काय व अनैसर्गिक काय हे ठरवायचे कोणी, असा प्रश्न न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्यात विचारलेला आहे. त्या प्रश्नाला प्रयोगशाळेतून उत्तर यायचे नव्हतेच.

या संशोधनावरच बंदी घालावी, असे मात्र मी म्हणणार नाही. 1993 मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी एक्स गुणसूत्राच्या टोकाशी खूण असल्याचे सुचवले आणि ‘गे जनुक’ हा शब्द जगभर फिरला. तो उतरवला तोही 2019 च्या याच अभ्यासाने, कारण एवढ्या मोठ्या नमुन्यात एक्स गुणसूत्रावर तसे काही आढळले नाही. शास्त्राने स्वतःचीच चूक दुरुस्त केली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. निबंध आणि ॲप यांची गल्लत करून दोघांनाही एकाच दावणीला बांधणारी टीका मला पटली नाही.

चारशे रुपयांत ग्राहकाला काय हवे असेल, याचाही विचार केला पाहिजे. रात्री एकट्याने हा प्रश्न टंकणाऱ्या मुलाला आकडा नको असतो, कोणीतरी बोलायला हवे असते. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अशा प्रश्नांना उत्तरे देत असत, त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि तो डॉ. आंबेडकरांनी लढवला. खटला हरला, पण अंक पुढे 1953 पर्यंत निघत राहिला, आणि कर्व्यांनी कोणाला पट्टीवर उभे केले नाही.

ज्यांनी अशी फाइल कधी काढली असेल त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. मार्च 2025 मध्ये 23अँडमीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे 1.5 कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती कोणाच्या हाती जाईल, ही चर्चा जगभर झाली. खाते बंद करून कंपनीकडील माहिती व लाळेचा नमुना नष्ट करण्याची विनंती करता येते. मात्र तीच फाइल आपण आधी दुसऱ्या एखाद्या बाजारपेठेत चढवली असेल, तर तेथे स्वतंत्रपणे विनंती करावी लागते, आणि त्या फाइलमध्ये आपल्या सख्ख्या भावंडाच्या जनुकांचाही सरासरी निम्मा वाटा असतो, ज्याची परवानगी आपण कधी घेतलेली नसते.