पहिली इलेक्ट्रिक गिटार: किट आणून बनवायची, रेडीमेड घ्यायची की जुनी घेऊन बदलायची?

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीपासून त्याचा एकच धोशा चाललाय, मामा मी किट मागवतो आणि गिटार स्वतः बनवतो. बजेट पंधरा हजार, हत्यारं म्हणाल तर घरात एक स्क्रूड्रायव्हर सेट आणि वडिलांचं जुनं ड्रिल. त्याला फोनवर समजावता समजावता तास गेला, तेव्हा म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, कारण तिन्ही वाटांनी मी स्वतः गेलोय. आधी रेडीमेड यामाहा पॅसिफिका ०१२ घेतली, मग टेलिकास्टर टाइपचं किट बनवलं, आणि मागच्या वर्षी एक जुनी स्ट्रॅट (म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप गिटार घेऊन तिच्या आतलं सगळं बदललं.

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक किट बघताना बॉडीचा आकार बघतात, लाकूड बघतात, रंग कुठला मारायचा ते ठरवतात, पण हाताला गिटार चांगली लागते की नाही ते नेक, म्हणजे ज्यावर बोटं दाबतो ती लांब दांडी, ठरवतं. पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबक-कॉइल) नंतर बदलता येतात, रंग परत मारता येतो, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) नवे बसतात, पण नेक वाकडं किंवा पिळलेलं निघालं तर दुसरं चांगलं नेक घ्यायला जवळपास किटएवढेच पैसे जातात. म्हणून माझ्यासाठी ही तुलना म्हणजे कुठल्या वाटेने आपल्या बजेटात बरं नेक मिळतं याचीच आहे.

किट म्हणजे काय येतं ते सांगतो. बॉडी कापलेली आणि खाचा पाडलेली, नेकला फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) आधीच बसवलेले, पिकअप, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), ट्यूनर, वायरी, स्क्रूच्या पुड्या. म्हणजे सुतारकामातला अवघड भाग झालेला असतो, आपल्याला घासायचं, रंगवायचं, जोडायचं आणि सेटअप करायचा, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक आणि सूर जुळवायचे. हे जमतं कारण मूळ डिझाइनच तसं आहे. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, १९५० मध्ये त्याने जी सॉलिड बॉडी गिटार काढली आणि जिला १९५१ पासून टेलिकास्टर म्हणतात, तिचं नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेलं असतं, फेविकॉल नाही सरस नाही. म्हणून पहिलं किट करणार असाल तर टेली टाइपच घ्या. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल टाइपमध्ये नेक मागे कलतं ठेवावं लागतं आणि बऱ्याच किटमध्ये ते चिकटवायचं असतं, तो कोन चुकला की तारा एक तर फ्रेटला घासतात नाहीतर बोटभर वर राहतात, आणि एकदा चिकटलं की झालं.

माझ्या किटच्या नेकवर नववा आणि चौदावा फ्रेट उंच होता. हे कसं कळतं तर स्टीलच्या पट्टीची छोटी सरळ कड तीन फ्रेटवर आडवी टेकवायची, पट्टी टकटक डुलली की मधला फ्रेट वर आलाय. नववा नुसता नीट बसलेला नव्हता, कपडा ठेवून लाकडी हातोडीने हळू ठोकल्यावर खाली गेला. चौदाव्याला मार्करने काळं करून बारीक कानशीने घासलं, मग परत गोलाई दिली, परत पट्टी लावली, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. रेडीमेड पॅसिफिकावर मला एकाही फ्रेटला हात लावावा लागला नाही. पैशाचा खरा फरक इथे आहे, कारण फॅक्टरीत हे काम झालेलं असतं आणि किटमध्ये ते आपल्या अंगावर येतं.

दुसरं म्हणजे अलाइनमेंट. यासाठी आपल्या सोलापुरात दुनियेतलं सगळ्यात सोपं हत्यार घरोघरी आहे, सूत. नेक खाचेत नुसतं ठेवायचं, स्क्रू मारायचे नाहीत, आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या पहिल्या आणि सहाव्या सॅडलपर्यंत (तार टेकायचा सरकता तुकडा) दोन दोरे ताणून बांधायचे. दोन्ही बाजूंना फ्रेटबोर्डच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर सारखं दिसलं पाहिजे. माझ्याकडे बारीक ई म्हणजे सगळ्यात पातळ तारेच्या बाजूला दोरा शेवटच्या फ्रेटपाशी जवळजवळ कडेवर आला होता, म्हणजे ती तार वाजवताना बोटाखालून घसरून खाली पडली असती. नेकची खाच सैल होती म्हणून एका बाजूला लाकडाची पातळ चिपटी लावली आणि नेक सरळ झालं, पण हे स्क्रू मारल्यावर कळलं असतं तर जुनी भोकं बुजवून नवी पाडायची वेळ आली असती.

आता रंग, म्हणजे ज्याच्यासाठी बहुतेक जण किट घेतात. आणि खरंच सांगतो, ही मजा रेडीमेडमध्ये नाही. फेंडरने १९६८ मध्ये चक्क वॉलपेपर चिकटवून कोयरीच्या नक्षीच्या टेलिकास्टर काढल्या होत्या, ते कळल्यावर मी चादरीचाच विचार केला होता, पण सोलापुरी चादर जाड, कडेला वळत नाही. मग आईकडे एक न शिवलेला खणाचा तुकडा होता, जांभळा, बारीक बुट्ट्यांचा, तो बॉडीच्या वरच्या बाजूला चिकटवला. आधी कापडाच्या कोपऱ्यावर पाणी लावून रंग सुटतोय का बघितलं, मग पातळ फेविकॉल, वरून हाताने मधून बाहेर दाबत हवा काढली, आणि वाळल्यावर कड ब्लेडने कापली. त्यावर क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक लॅकरचे थर, थर, आणि अजून थर, कारण विणीचा खडबडीतपणा बुजेपर्यंत थांबता येत नाही.

इथे दोन गोष्टी माझ्याकडून चुकल्या. एक, मी स्प्रेची लॅकर जुलैत मारली, बाहेर पावसाची भुरभुर, आणि दहा मिनिटांत सगळी बॉडी दुधाळ पांढरी झाली. हवेत दमटपणा जास्त असला की वाळताना ओलावा थरात अडकतो, तो तसा दिसतो. ते घासून परत केलं. दोन, काम मित्राच्या घरी सोलापूरच्या पूर्व भागात केलं, खाली माग चालू, आणि हवेतल्या सुताचे तंतू ओल्या थरावर येऊन बसले, एकेक तंतू हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून काढावा लागला. त्यामुळे माझं सांगणं असं, शेवटचा क्लिअर कोट बाइकच्या टाक्या रंगवणाऱ्या माणसाकडून टू-के पीयूचा (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) मारून घ्या, ते घामाला टिकतं. घरीच करायचं असेल तर लाखदाणा आणि स्पिरिटचं फ्रेंच पॉलिश कापसाच्या बोळ्याने करा, सुंदर दिसतं आणि स्प्रे लागत नाही, फक्त हात जिथे घासतो तिथे घामाने ते मऊ पडतं हे मान्य करून.

वायरिंगचं जास्त टेन्शन घेऊ नका. टेलीत एक व्हॉल्यूम, एक टोन आणि तीन पोझिशनचा स्विच, बस. काही किटमध्ये नुसते प्लग जोडायचे असतात, काहीत सोल्डर मारायचं. सोल्डर मारायचं असेल तर पंचवीस वॉटचा छोटा आयर्न पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) पाठीवर चालत नाही, पॉटचा पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो आणि जोड वरवरचा बसतो, साठ वॉटचा घ्या नाहीतर टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे बसून दोन डाग मारून घ्या. पुढे चांगले मोठे पॉट घालणार असाल तर किटमधलं भोक साडेनऊ मिलिमीटरपर्यंत मोठं करावं लागतं, ते रंग मारायच्या आधी करा, नंतर ड्रिल लावलं की कडेचा रंग उडतो. आणि टेलीचे सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतात, घरातल्या वायरिंगचा पन्नास हर्ट्‌झचा आवाज ते पकडतात. तांब्याची चिकटपट्टी लावून खाच आतून मढवली तर किरकिर कमी होते, पण गुणगुण राहते, ती जायला हमबकरच लागतो, दोन कॉइल उलट गुंडाळून एकमेकीची गुणगुण खोडायची ही युक्ती गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ मध्ये काढली. जड डिस्टॉर्शन वाजवणाऱ्याने हे आधी बघावं. पॅसिफिका ०१२ मध्ये ब्रिजला हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल मिळतात, म्हणजे नवख्याला दोन्ही प्रकार एकाच गिटारीत.

पैसे. माझं किट नऊ हजार आठशेला आलं. त्यावर पॉलिश पेपर, क्लिअर, टाकीवाल्याची मजुरी, कानस, आयर्न, नवा नट आणि तारा धरून सगळं मिळून साडेसोळा हजार झाले, आणि तीन महिन्यांचे रविवार. तेवढ्यात तेव्हा रेडीमेड येत होती आणि ती दुसऱ्या दिवशी वाजत होती. विकायला गेलं तर रेडीमेडला गिऱ्हाईक मिळतं, किटला कोण विचारत नाही, नाव नसतं ना त्यावर. म्हणून स्वस्तात पडेल या हिशोबाने किट घेत असाल तर घेऊ नका, प्लीज.

जुनी घेऊन बदलायची ही वाट लोक विसरतात आणि मला विचाराल तर कस्टमाइज करायची हौस असणाऱ्याला हीच सगळ्यात बरी. कारण नेक तुम्ही स्वतः हातात घेऊन बघता. हेडकडून डोळा लावून बॉडीकडे बघायचं, दोन्ही कडा सरळ समांतर दिसतात का, पीळ असेल तर लगेच कळतं. तार पहिल्या फ्रेटला आणि बॉडीजवळच्या फ्रेटला एकदम दाबायची, सातव्या-आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी, फार जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी लोखंडी सळई) फिरतो का ते बघायचं, रॉड जाम असेल तर उठून यायचं, भाव कितीही पाडला तरी. माझी जुनी गिटार दिसायला अगदी भंगार होती, पिकगार्ड पिवळं, एक ट्यूनर मोडलेला, पण नेक एक नंबर. सहा हजारांत मिळाली, पिकअप-पॉट-ट्यूनर बदलून साडेअकरापर्यंत गेली, आणि आज तिन्हींत मी सगळ्यात जास्त तीच वाजवतो.

सेटअप तिन्हीत शिकावाच लागतो. मी पहिल्यांदा रेडीमेड गिटार सेटअपला पुण्याला नेली, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळच्या हुतात्माने परत, अख्खा दिवस आणि वर पैसे, आणि मे महिन्यात पुन्हा तारा घासायला लागल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचायला लागतात, नेकचा बाकही बदलतो. ट्रस रॉड पाव आटा फिरवायचा, एक दिवस थांबायचं, परत बघायचं. स्लॅबखालच्या वरच्या खोलीत गिटार भिंतीला टांगू नका. इंटोनेशन तर दहा मिनिटांचं काम आहे, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर जुळला पाहिजे, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. हे किट बनवताना नाइलाजाने शिकलो, आणि आता पुण्याची चक्कर लागत नाही, किटचे साडेसोळा हजार मला या एका गोष्टीत वसूल वाटतात.

तर भाच्याला मी काय सांगितलं. तुझ्याकडे वाजवायला एकही गिटार नाही, तर आधी रेडीमेड नाहीतर चांगल्या नेकची जुनी घे, सहा महिने वाजव, नेक जाड आवडतं की पातळ ते तुझ्या हाताला कळू दे. त्यानंतर किट. तो ऐकणार नाही हे मला माहितीये, म्हणून हेही सांगून ठेवलं की बॉक्स उघडलास की पॉलिश पेपरला हात लावू नकोस. नट ते बारावा फ्रेट मोज, टेलीला ३२४ मिलिमीटर भरले पाहिजेत, आणि तिथून पुढे ब्रिजच्या सॅडलपर्यंत परत तेवढंच आणि वर थोडी मागेपुढे सरकायला जागा. दोरे ताणून बघ. मग कच्च्या लाकडावरच सगळं जोड, तारा चढव, आठवडाभर वाजव, आणि नेक वाकडं निघालं तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत मला फोन कर.