थर्माकोल-सिमेंटचा ब्लॉक, सिपोरेक्स की लाल वीट?

अकोल्याकडे किंवा चंद्रपुरात घर बांधताय आणि टाकाऊ थर्माकोल-सिमेंटचा ब्लॉक मनात भरलाय? मग तो मुळात कशासाठी निघाला ते आधी पाहा. ऑस्ट्रियात जन्मलेला 'रास्ट्रा' हा त्यातला जुना प्रकार. अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिकोकडे त्याची घरं आहेत. घनफळाच्या सुमारे 85 टक्के थर्माकोलचा चुरा, बाकी सिमेंट. तिथे हा ब्लॉक म्हणजे कायमचं शटरिंग: आतल्या उभ्या-आडव्या पोकळ्यांत सळई घालून काँक्रीट ओततात आणि घराचा भार ते काँक्रीट घेतं. आपल्याकडे कॉलम-बीम आधीच उभे असतात, भिंत नुसती भरायची असते. म्हणजे त्याचा अर्धा गुण इथे वायाच.

उरला उन्हाचा प्रश्न. नऊ इंची विटेच्या भिंतीतून शंभर भाग उष्णता आत येत असेल, तर आठ इंची सिपोरेक्समधून (एएसी ब्लॉक हो, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक, पण दुकानात हेच नाव चालतं) चाळीसच्या आसपास येते, तेवढ्याच जाडीच्या हलक्या थर्माकोल-सिमेंटमधून वीस-पंचवीस. विटेवरून सिपोरेक्सवर आलात की मोठी मजल मारलीत. पुढची मजल छोटी, आणि माल व सवयीचा मिस्त्री शोधताना दमछाक होणार ती वेगळीच.

शिवाय बैठ्या घराचं मे महिन्यातलं खरं दुखणं भिंत नाहीच, गच्ची आहे. इको-निवास संहिता 2018 ही घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली. छपरातून किती उष्णता आत झिरपते त्या मापाला (यू-व्हॅल्यू, जितकी कमी तितकी बरी) ती 1.2 ची मर्यादा घालते. उघडा आरसीसी स्लॅब तिच्या दुपटीपलीकडे जातो. म्हणून माझं मत सरळ आहे: भिंती सिपोरेक्सच्या करा आणि वाचलेला पैसा गच्चीच्या इन्सुलेशनवर घाला. भट्टी गावाशेजारी असेल तर वीट स्वस्त पडेल, पण पश्चिमेची भिंत दिवसभर तापून रात्री तीच धग खोलीत सोडते.

थर्माकोल-सिमेंट घ्यावं ते जुन्या घरावर मजला चढवताना. विटेचं वजन घनमीटरला 1600 किलोच्या वर, सिपोरेक्सचं साधारण 600, थर्माकोल-सिमेंटचं त्याहूनही कमी. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीलाही हा ब्लॉक शोभतो.

घेतलात तर वायरिंगवर स्वतः उभे राहा. पीव्हीसी वायर थर्माकोलला थेट टेकली, की तिच्या आवरणाला मऊ ठेवणारं रसायन थर्माकोलमध्ये उतरतं. वायर कडक होऊन तडकते. झिरी मारून वायर तशीच दाबणारा इलेक्ट्रिशियन नको, पाइप हवाच. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून ओट्यामागचं प्लॅस्टर पूर्ण आणि जाड ठेवा. विक्रेत्याकडे आगीच्या चाचणीचा अहवाल मागा. गिझर आणि एसीचं बाहेरचं युनिट कुठे टांगायचं ते बांधकामाआधी ठरवा, आणि तेवढ्या जागी काँक्रीट भरून घ्या.