बदललेली सीट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. माझ्या मोटरसायकलची कंपनीची सीट टाकून न देता तिच्याच बेसवर नवीन फोम आणि कव्हर बसवून घेतलं, आणि मी खूश आहे. तयार टूरिंग सीट, जेल पॅड आणि हवेची गादी हे तिन्ही प्रकार भावाच्या आणि मैत्रिणींच्या गाड्यांवर लांबच्या पल्ल्याला वापरून पाहिलेत, त्यामुळे पुढची तुलना ऐकीव नाही.

गाडी ३५० सीसीची, एक सिलिंडर, जुन्या थाटाची. कंपनीचं नाव घेत नाही. खाली कमेंटमध्ये उगाच भांडणं लागतात. माझी उंची पाच फूट तीन इंच. काम बियाण्यांचं, त्यामुळे साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड हा पट्टा कायमचाच. सुट्टी मिळाली की कुंभार्ली घाट उतरून गुहागर. शोरूममध्ये बसल्यावर सीट सोफ्यासारखी वाटली होती. पण पुसेगाव मागे पडलं की बुडाखाली दोन ठिकाणी नेमकी ठणक सुरू व्हायची, आणि दर ब्रेकला मी पुढे घसरून टाकीला चिकटायचे. घसरले की मागे सरका, पुन्हा घसरा, पुन्हा सरका.

दुखणं कुठे आहे हे आधी ओळखलं पाहिजे, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं. आपण बसतो तेव्हा वजन पेलतात ती ओटीपोटाच्या तळाची दोन हाडं. फोम फार मऊ असला की ती हाडं त्यात बुडत जाऊन खालच्या कडक बेसपर्यंत पोचतात, आणि बाजूचा फोम वर येऊन नको तिथे दाबतो. मऊ सीट पहिल्या वीस मिनिटांत फसवते ती अशी. ठणक दोन बिंदूंवर असेल तर फोम कमी पडतोय. मांडीच्या आतल्या बाजूला काचत असेल तर सीटची कड धारदार आहे. माकडहाड दुखत असेल तर फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचे दांडे, फार पुढे आहेत आणि सगळा भार मागे पडतोय. त्याला सीट बदलून फारसा उपयोग नाही. पुढच्या नाजूक भागावर दाब येत असेल, आणि बायकांनी हे मोकळेपणाने बोलावं, तर सीटला पुढे उतार आहे. माझ्याकडे पहिलं आणि शेवटचं, दोन्ही.

पैसे घालण्याआधी तीन फुकटातल्या गोष्टी बघा. मागच्या शॉकअपचं सेटिंग डबलसीटसाठी कडक करून ठेवलेलं असतं आणि आपण एकटेच हिंडत असतो. ते एक-दोन घर सैल करा. सीट उचलून बेसखालचे रबरी बुश जागेवर आहेत का ते पाहा, एखादा गळालेला असला तर बेस चॅसीवर आपटतो. तिसरी गोष्ट जीन्स. तिची मधली जाड शिवण दोन तासांनी काय करते ते सांगायला नको. सायकलवाले वापरतात तसली बिनशिवणीची आतली चड्डी घातली तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. माझी निम्मीच मिटली, म्हणून पुढचा उद्योग.

जेल पॅड सकाळी उत्तम. पण जेल उष्णता धरून ठेवतं. एप्रिलमध्ये दहिवडीच्या बाजारात गाडी उन्हात उभी केली आणि परत येऊन बसले, तर ताडकन उठले. शिवाय वरून बांधलेला पॅड उंची वाढवतो आणि घाटात वळणावर कणभर सरकतो. सावलीत पार्किंग असलेल्यांनी जरूर घ्या.

हवेची गादी मात्र दुखण्यावरचा खरा इलाज आहे. ही कल्पना व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्यांच्या गाद्यांवरून आलेली: वेगवेगळ्या कप्प्यांतली हवा आपसात फिरते आणि दाब एका जागी साचत नाही. लोक ती टम्म फुगवतात आणि मग नावं ठेवतात. ती इतकीच भरायची की बसल्यावर आपण बेसपासून जेमतेम बोटभर वर राहू. पुणे-सोलापूरसारख्या सरळ रस्त्याला तिला तोड नाही. कुंभार्लीत मात्र मला गाडीचा अंदाजच येईना. मागचं चाक काय करतंय हे आपल्याला बुडातूनच कळत असतं, ती खबर मध्येच अडते.

तयार टूरिंग सीट दिसायला सगळ्यात देखणी, मोल्ड केलेल्या फोमची, शिवण सुबक. अडचण मापाची. भावाच्या गाडीवरची सीट पुढेही रुंद आहे, त्यामुळे मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला टेकेना. सीटची उंची कागदावर ८०० मिलिमीटर असली तरी पाय टेकणं रुंदीवरही ठरतं, हे बुटक्या लोकांना कोणी सांगत नाही. रॉयल एनफिल्डची मीटिओर ७६५ची आहे आणि त्यांच्याच हिमालयन ४५०ला ८२५ आणि ८४५ अशा दोन उंच्या मिळतात, हे आकडे सगळे विचारतात. पुढची रुंदी कोणी मोजत नाही. पावणेसहा फुटी भाऊ त्या सीटवर सुखात आहे.

म्हणून शेवटी साताऱ्यातल्याच एका सीटवाल्याकडे गेले. जाण्याआधी घरी माप काढलं. ओट्याच्या पायरीवर खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा ठेवायचा, त्यावर टाचा उंचावून मिनिटभर घट्ट बसायचं, आणि उठल्यावर दिसणाऱ्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. माझं १३ सेंटिमीटर निघालं. बायकांचं हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. त्या दोन बिंदूंच्या बाहेर दोन्हीकडे आधार मिळेल एवढी रुंदी मागे हवी आणि पुढे निमुळतं. पुठ्ठा घेऊनच दुकानात गेले. आधी ते हसले, मग त्यांनीच खळग्यांवर खडूने गोल काढून पुठ्ठा सीटवर ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुमची हाडं तर शिवणीवरच येतायत.” खरंच, मूळ कव्हरची आडवी शिवण बरोबर तिथून जात होती.

फोमच्या बाबतीत एक घोळ सगळीकडे आहे. दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात तेव्हा तो आकडा घनमीटरमागच्या किलोंचा असतो, कडकपणाचा नव्हे. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम जास्त टिकेल. तो मऊही असू शकतो आणि कडकही. तेव्हा आकडा विचारा, पण मुठीने दाबूनही पाहा. माझ्या सीटमध्ये खाली चुऱ्यापासून दाबून बनवलेला कडक फोम, त्यावर जास्त डेन्सिटीचा मध्यम फोम, आणि वर बोटभर मऊ थर. मेमरी फोम घालू का विचारलं होतं, मी नको म्हटलं: तो थंडीत कडक होतो आणि उन्हात ढिला पडतो, आणि माण तालुक्यात दोन्ही भरपूर.

थर सोल्युशनने चिकटवून त्यांनी ग्राइंडरने आकार दिला. तो अर्धा तास बघण्यासारखा. पिवळा भुसा उडतोय, मध्येच थांबून मला कच्च्या फोमवर बसवतायत, दोन्ही पाय टेकतात का बघतायत, पुन्हा डावीकडून चिमूटभर घासतायत. पुढचा उतार भरून काढून जवळजवळ सपाट केला, दोन्ही कडा गोल केल्या, पुढची रुंदी कमी केली. कव्हरला वर जाळीचं कापड, बाजूंना रेक्झिन, आणि बसायच्या जागी एकही शिवण नाही. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं.

आता महिन्यांचा अनुभव. पहिले काही दिवस सीट चक्क कडक वाटली, नवरा म्हणाला, “पैसे देऊन पाट आणलास.” फोमला दबून बसायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. महिन्याभरात ती अंगासारखी झाली. आता म्हसवडपर्यंत न थांबता जाते, पोचल्यावर पाय जड होतात पण ठणक नाही. ब्रेकला पुढे घसरणं पूर्ण बंद झालं, आणि मनगटंही दुखायची थांबली. मनगटांचा संबंध तेव्हाच कळला: घसरू नये म्हणून मी हँडलला रेटा देत होते.

जाळीमुळे उन्हाळा सुसह्य गेला. पावसाळ्यात मात्र तीच जाळी पाणी धरते. पाटणकडून कोयनेच्या बाजूला धो धो पावसात गेले तेव्हा रेनकोट असूनही बुडाखाली ओल जाणवत राहिली. जाळीखाली प्लॅस्टिकचा कागद घालून घेतला होता म्हणून फोम वाचला, पण बाजूच्या शिवणीतून थोडं पाणी आत गेलंच. गाडी बाजूच्या स्टँडवर लावली की डाव्या कोपऱ्यातून थेंब पडताना दिसायचे. परत नेल्यावर त्यांनी शिवण आतून टेपने बंद करून दिली, पैसे घेतले नाहीत. तुम्ही करून घेणार असाल तर हे पहिल्यांदाच सांगा.

दुसरी कुरबूर: डाव्या बाजूला फोम किंचित जास्त दबलाय, कारण उभी राहताना मी नेहमी डावा पाय टेकते. वर्षभराने वरचा थर बदलावा लागेल असा अंदाज आहे. मोल्डेड सीट याबाबतीत नक्की जास्त टिकली असती.

कुठलीही सीट घेतली तरी दर तासा-दीड तासाला उतरून पाय मोकळे करणं सुटत नाही. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनच्या २४ तासांत १,००० मैलांच्या राइडचं नावच सॅडलसोर १००० आहे, सॅडलसोर म्हणजे बसून बसून होणारं बुडाचं दुखणं; त्या लोकांनाही दुखतं. त्यांच्यातले काही जण सीटवर टॅक्सीवाल्यांसारखी लाकडी मण्यांची जाळी टाकतात. तो प्रयोग पुढच्या उन्हाळ्यात करणार आहे.

मागची सीट अजून मूळचीच आहे. नवरा मागे बसतो तेव्हा आता तक्रार तो करतो. त्याचाही पुठ्ठा काढून ठेवलाय, दिवाळीनंतर नेईन.