ग्लुफोसिनेट की ग्लायफोसेट? आधी तणाचं मूळ बघा

पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंमुळे दरवळतो, त्यांच्याच गोतावळ्यातून ग्लुफोसिनेट हे तणनाशक आलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत आणि जपानमध्ये संशोधकांना हे रसायन या जिवाणूंत सापडलं. जपानने तर जिवाणू वाढवून त्यापासून बियालाफॉस नावाचं तणनाशक विकायला आणलं. आपल्याकडच्या दुकानातलं ग्लुफोसिनेट मात्र कारखान्यात तयार होतं. त्यामुळे कोणी ते ‘जैविक’ म्हणून हातात दिलं, तर विश्वास ठेवू नका. सेंद्रिय शेतीत ते चालत नाही.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मुळातच कृत्रिम. ते पानातून शिरतं आणि रसाबरोबर मुळांपर्यंत, गाठींपर्यंत उतरतं. तण पिवळं पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण लव्हाळा, हराळी, कुंदा अशा चिवट तणांवर खरा उपाय तोच.

ग्लुफोसिनेट जिथे पडतं तिथेच काम करतं. पानातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं, अमोनिया साचतो आणि उन्हात पान भराभर करपतं. तीन-चार दिवसांत शेत साफ दिसतं. लव्हाळ्यावर हे दिसणं फसवं असतं: वरचं पातं जळतं, खालच्या गाठीतून पुन्हा कोंब येतो. कोवळं गाजर गवत, तांदुळजा, ग्लायफोसेटला दाद न देणारा केना यांच्यावर मात्र मी ग्लुफोसिनेटच निवडेन. फवारणी स्वच्छ उन्हात, हवेत दमटपणा असताना आणि पानं नीट भिजतील अशी हवी.

कायद्याचंही बघायला हवं. आपल्याकडे ग्लुफोसिनेटची शिफारस चहा आणि कापसासाठी आहे. ग्लायफोसेटची चहा आणि बिनपिकाच्या जागेसाठी. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. म्हणून कापसात लव्हाळा माजला असेल, तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उन्हात तापवणं हाच माझ्या मते सरळ मार्ग.

जिवाणूपासून आलंय म्हणून ग्लुफोसिनेट सौम्य समजू नका. युरोपीय संघात त्याची मान्यता 2018 मध्ये संपली. प्रजननक्षमतेला आणि गर्भाला असलेला धोका ही तिथली मोठी चिंता होती. गरोदर बाईला पंपाजवळ, औषध कालवायलासुद्धा पाठवू नका. आणि बीटी कापूस बोंडअळीला तोंड देण्यासाठी आहे, तणनाशक सोसण्यासाठी नाही. म्हणून औषध कापसावर उडू न देता दोन ओळींमध्ये, नोझलला हूड (फवारा झाकणारं टोपण) लावून, वारा पडलेला असतानाच मारा.