अकरा महिने डायरी लिहून झाली, आता नीट सांगता येईल

अकरा महिने झाले, दोन वह्या भरल्या आणि तिसरी निम्मी झालीये, म्हणून आता लिहायला बसले. सुरू केलं तेव्हा मी सोळाची होते, आता सतरा पूर्ण. पहिल्या दोन आठवड्यांत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, चौथ्या महिन्यात शून्य दिले असते आणि आज साडेचार देते. मधे काय काय झालं तेच सांगायचंय, कारण डायरी लिही म्हणणारे सगळे जण "मन मोकळं होतं" एवढंच सांगतात आणि माझ्या बाबतीत ते सगळ्यात कमी कामाचं निघालं.

आधी वहीबद्दल, कारण पहिली चूक तिथेच झाली. मला वाढदिवसाला तारखा छापलेली डायरी मिळाली होती, एका दिवसाला एक पान, जाड कव्हर, दिसायला फार सुंदर. दुसऱ्या महिन्यात मला ताप आला, चार दिवस लिहिलं नाही आणि बरी झाल्यावर ती चार कोरी पानं बघून मला कोणाचंतरी देणं लागत असल्यासारखं वाटायला लागलं. मग मी बसून आठवून आठवून ती भरली. आज वाचताना त्या चार पानांवर विश्वासच बसत नाही, सगळं गुळगुळीत, शाळेतल्या निबंधासारखं. आणि उलटंही व्हायचं, ज्या दिवशी खरंच खूप घडलं त्या दिवशी पान संपायचं आणि मी पुढच्या तारखेवर अतिक्रमण करायचे. त्यामुळे माझं स्पष्ट मत, तारखा छापलेली डायरी घेऊ नका. साधी रेघांची वही घ्या आणि तारीख, वार, वेळ स्वतःच्या हाताने घाला. वेळ घालायला तर विसरूच नका, रात्री साडेअकराला लिहिलेलं आणि सकाळी सातला लिहिलेलं एकाच माणसाचं वाटत नाही.

साईज ए-५ पुरते, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, दप्तरात मावते आणि मांडीवर ठेवूनही लिहिता येतं. बांधणी दोऱ्याने शिवलेली असेल तर वही उघडी सपाट पडते, नुसती गोंदाने चिकटवलेली असेल तर दोन महिन्यांत मधली पानं सुटायला लागतात (माझ्या दुसऱ्या वहीची सुटली, ती मी आता रबर बँड लावून ठेवलीये). पेनाचं म्हणाल तर कागद पातळ असला की शाईपेन आणि काही जेल पेनांची शाई मागच्या बाजूला उतरते, मग पाठपोट लिहिता येत नाही. माझं शेवटी साध्या बॉलपेनवर भागलं. कुलूप असलेली डायरी घ्यायचा विचार असेल तर ते छोटंसं कुलूप पिनेनेही उघडतं, त्याच्या भरवशावर काही लिहू नका.

मधे दीड महिना फोनवरचं ॲप पण वापरून बघितलं. फायदे खरे आहेत, टायपिंग भराभर होतं, पासवर्ड असतो, जुनं काही शोधायचं तर शब्द टाकला की सापडतं. पण मला दोन गोष्टी जमल्या नाहीत. एक म्हणजे ते ॲप सलग किती दिवस लिहिलं ते मोजून दाखवायचं, मग मी लिहायचं म्हणून लिहायला लागले, "आज विशेष काही नाही" असं नऊ वेळा सापडलं मला. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. फोनवर चुकलेलं पुसलं जातं. वहीत खोडलेलं खोडलेलंच राहतं, मी एका ठिकाणी "मला राग आला" लिहून राग खोडलाय आणि वर हेवा लिहिलंय, आणि ते खोडलेलं वाचूनच मला कळलं की त्या दिवशी स्वतःशी खरं बोलायला मला किती वेळ लागला होता. ॲपमध्ये फक्त शेवटचा शब्द उरला असता.

आता मुख्य मुद्दा, लिहायचं काय. पहिले तीन महिने मी फक्त भडास काढली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पहिली वही सुरुवातीपासून वाचायला घेतली आणि मला रडूच आलं, त्यातल्या दुःखामुळे नाही, तर काही कळतच नव्हतं म्हणून. एक पान आहे, "आज आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस. ती असं कसं वागू शकते. मला आता कोणावरच विश्वास ठेवायचा नाही." बस. ती म्हणजे कोण? कशी वागली? काय बोलली? तीन महिन्यांत मी विसरले होते! आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस आणि त्यात काय झालं ते माझं मलाच माहीत नाही. नुसत्या भावना लिहिल्या की त्या सगळ्या सारख्याच दिसतात, पान बदलतं, तक्रार तीच.

तेव्हापासून पद्धत बदलली. आधी काय घडलं ते लिहायचं, कोण काय म्हणालं ते शक्यतो त्याच शब्दांत, मी कुठे उभी होते, हातात काय होतं, आणि मग मला काय वाटलं, आणि का वाटलं. नंतर वाचनात आलं की याच्यावर संशोधन झालेलं आहे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं होतं. एका गटाने मनाला लागलेल्या प्रसंगातल्या फक्त घटना लिहिल्या, एकाने फक्त भावना, एकाने दोन्ही, आणि एका गटाला असेच साधे विषय दिले होते. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण लिहिल्यावर लगेच हलकं वाटलं नाही की मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. पुढे पेनेबेकरांनी लोकांनी लिहिलेले शब्दही मोजले आणि ज्यांना जास्त फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारण सांगणारे आणि काहीतरी उमगल्याचे शब्द वाढत गेले होते असं दिसलं. मी लगेच माझ्या वह्या काढून "कारण" हा शब्द मोजला. पहिल्या वहीच्या पहिल्या वीस पानांत दोनदा, दुसऱ्या वहीच्या पहिल्या वीस पानांत एकतीस वेळा. हा काही पुरावा नाही, पण माझ्यापुरता मला पुरेसा आहे.

चौथ्या महिन्यात शून्य का दिले असते ते सांगते. आईने डायरी वाचली. मला कळलं ते असं की एका वेगळ्याच भांडणात ती पटकन म्हणाली, "हो, मला तर फक्त तुझे मार्कच दिसतात ना," आणि हे वाक्य मी कधी तोंडाने बोललेच नव्हते, ते फक्त वहीत होतं. मी थिजलेच. आधी ती गप्प बसली, मग म्हणाली, "अगं, महिनाभर तू धड बोलत नव्हतीस. मला काळजी वाटली म्हणून वाचली."

"मग मला विचारायचंस ना आई."

"विचारलं होतं. तू 'काही नाही' म्हणालीस."

पुढचे पाच आठवडे मी एक ओळ लिहिली नाही. ज्यांच्या घरी मुलं डायरी लिहितात त्या आईबाबांना मला कळकळीने सांगायचंय, वाचू नका. काळजी खरी असते, मला आता ते मनापासून पटतं, पण वाचल्यावर त्या वहीत परत खरं लिहिलं जात नाही, कोणीतरी खांद्यावरून बघतंय असं धरूनच हात चालतो. मूल स्वतःला काही इजा करून घेईल अशी भीती असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गप्प बसून चालणार नाही, पण तेव्हाही समोर बसून सरळ विचारा. आमच्यात शेवटी एक ठरलं, ते आईनेच सुचवलं, की ती वहीला हात लावणार नाही आणि तिने विचारलं की मी "काही नाही" म्हणायचं नाही, निदान "आत्ता सांगायचं नाहीये" एवढं तरी म्हणायचं. दोघींनीही ते आजपर्यंत पाळलंय.

या सगळ्यानंतर आईबद्दलची ती पानं फाडून टाकायची खूप इच्छा झाली होती. त्याच सुमारास मी ॲन फ्रँकची डायरी वाचत होते. तिला ती वही तेराव्या वाढदिवसाला मिळाली होती, १२ जून १९४२ ला, हे मला आधी माहीत होतं, पण त्यात २ जानेवारी १९४४ ची एक नोंद आहे, तिथे ती सांगते की जुनी पानं चाळताना आईबद्दल आपण किती जहाल लिहिलंय ते बघून तिला धक्का बसला. आणि तरी तिने ती पानं फाडली नाहीत, आपण तेव्हा असं का लिहिलं असेल याचा ती विचार करत बसली. ती ज्यू होती, तेव्हा चौदा वर्षांची होती आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहत होती. मी ते वाचून वही परत काढली आणि त्या "मार्क" वाल्या पानाच्या समासात वेगळ्या रंगाने तारीख घालून लिहिलं की त्या दिवशी आईने मला मार्क विचारायच्या आधी जेवलीस का हे विचारलं होतं, ते मी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून हा माझा नियम झालाय, फाडायचं नाही, बदलायचं नाही, समासात नवीन तारखेने लिहायचं. आता वही घेताना मी मुद्दाम रुंद समास बघते.

आणि ज्याच्यामुळे साडेचार देते ती गोष्ट दहाव्या महिन्यातली आहे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आणि मी बोलत नाही, म्हणजे नव्हतो. माझ्या डोक्यात ते भांडण अगदी स्वच्छ होतं, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला काय, तुला सगळं आयतं मिळतं," आणि मी एक शब्द न बोलता निघून आले. हे मी किमान चार जणांना असंच सांगितलंय आणि सांगताना मी खोटं बोलत नव्हते. मग एक दिवस दुसरी वही चाळताना ते पान आलं. माझंच अक्षर, रात्री १०.४० ची वेळ, त्याच दिवशी लिहिलेलं. त्यात मी लिहिलंय की आधी मी तिला म्हणाले, "तू नेहमी रडगाणं गातेस," आणि मग ती ते वाक्य बोलली. आणि मी निघून आलेच नव्हते, ती निघून गेली होती, मी तिथेच बसून राहिले होते.

मी ते पान किती वेळा वाचलं सांगता येत नाही. सगळ्यात विचित्र म्हणजे वाचूनही मला ते आठवेना, माझ्या डोळ्यांसमोर अजूनही मीच निघून जाताना दिसते. असं होतं हे मी शोधून वाचलं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कोणाकडून कळली ते लिहून घेतलं आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच प्रश्न विचारले. जवळपास पाव मुलांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि बऱ्याच जणांना स्वतःच्या आठवणीची पक्की खात्री होती. नंतर त्यांचाच जुना कागद त्यांच्या अक्षरात दाखवला तरी मूळ आठवण परत आली नाही. मला अडीच वर्षंही लागली नाहीत, सहा महिन्यांतच मी मला सोयीची गोष्ट खरी करून टाकली होती. वही नसती तर हे मला आयुष्यभर कळलं नसतं, मी आयुष्यभर निघून गेलेली असते.

म्हणून लहान वयात डायरी लिहिणाऱ्यांना माझा आग्रह आहे की वाक्यं लिहून ठेवा, विशेषतः स्वतःची. दुसऱ्याचं लागलेलं वाक्य लक्षात राहतंच, आपलं राहत नाही. आणि त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी झोपून उठल्यावर आपण थोडे जास्त चांगले वागलेलो असतो. रोज लिहायची गरज नाही, माझे आठवड्याला तीन-चार दिवस होतात, पण भांडण झालं, काही पहिल्यांदा केलं, कोणी अचानक प्रेमाने बोललं, त्या दिवशी कितीही झोप आली तरी चार ओळी लिहिते. प्रेमाने बोललेलं पण, हो, कारण पहिल्या वहीत ते जवळजवळ नाहीच आणि त्यामुळे ती वही वाचली तर माझं ते वर्ष होतं त्यापेक्षा खूप एकटं वाटतं.

अर्धा मार्क कमी केलाय तो एवढ्यासाठी की डायरीत लिहिलं की बोलून झालं असं वाटतं. मैत्रिणीबद्दल मी वहीत चौदा पानं लिहिली होती आणि तिला एक मेसेज केला नव्हता.

तो गेल्या महिन्यात केला. माफी मागितली, पानात होतं ते माझं वाक्य जसंच्या तसं लिहून. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिला रडगाण्याचं अजिबात आठवत नव्हतं, तिला आठवत होतं की मी तिच्याकडे न बघता पेनाचं टोपण लावत-काढत बसले होते आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. टोपणाचं माझ्या वहीत काहीच नाही. मी ते त्या पानाच्या समासात लिहिलं, तारीख घातली आणि पुढे कंसात तिचं नाव लिहिलं.