जुनी एमजीबी : दुरुस्त करावी की विकावी?

लेस्टरजवळ राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये, गुंडाळलेली गादी, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि मुलांच्या लहानपणीच्या सायकली यांच्या मागे, १९७३ सालची एमजीबी जीटी गेली अकरा वर्षे उभी आहे. हौसेने घेतलेली ही गाडी त्यांनी काही वर्षे चालवली, मग एका हिवाळ्यात क्लच चिकटल्याचे निमित्त झाले आणि ती जी उभी राहिली ती राहिलीच. आता वहिनींना गॅरेज मोकळे हवे आहे आणि स्नेह्यांना गाडी सोडवत नाही, म्हणून त्यांनी मला बोलावून विचारले की ती दुरुस्त करून रस्त्यावर आणावी की आहे तशी विकून टाकावी. मी स्वतः एक एमजीबी विकली आहे आणि दुसरी पदरमोड करून उभी केली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचा पश्चात्ताप माझ्या परिचयाचा आहे. ब्रिटनमधील आणखी काही मराठी घरांतही हा प्रश्न असेल, या समजुतीने पुढील तुलना सविस्तर मांडत आहे.

पुण्यातल्या नातेवाइकांना ‘एमजी’ म्हटले की हेक्टर आठवते, म्हणून गाडीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. एमजीबी ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. १,७९८ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, उघड्या टपाची रोडस्टर आणि १९६५ पासून मागे उघडणारे दार असलेली बंद टपाची जीटी, अशी तिची दोन मुख्य रूपे आहेत. पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्यामुळे ती दुर्मीळ नाही, आणि निर्णयाच्या दोन्ही बाजू याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. गाड्या भरपूर असल्यामुळे त्यांचे भाव आवाक्यात राहतात, म्हणजेच दुरुस्तीचा खर्च विक्रीतून वसूल होत नाही. आणि गाड्या भरपूर असल्यामुळेच सुटे भाग आजही नवे मिळतात, म्हणजेच पैशांची तयारी असेल तर दुरुस्त न होणारी एमजीबी जवळपास नाहीच. विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा तयार करते. पन्नास वर्षांच्या गाडीला असे भाग्य क्वचितच लाभते.

सर्वप्रथम आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे हे चासी क्रमांकावरून पक्के करावे. १९७३ ते १९७६ या काळातील व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या इंजिनाची जीटी केवळ २,५९१ इतकीच तयार झाली आणि तिचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. उरलेल्यांत क्रोमचे बंपर असलेल्या गाड्यांना मागणी अधिक आहे; अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या उत्तरार्धापासून काळे जाड बंपर आले, गाडीची उंचीही वाढवली गेली, आणि बाजाराने ते आजतागायत मनापासून माफ केलेले नाही. त्याचप्रमाणे, इतर सर्व सारखे असता, रोडस्टरला जीटीपेक्षा जास्त भाव येतो. माझ्या मते ब्रिटनच्या हवेत जीटी हीच अधिक शहाणपणाची गाडी आहे, परंतु भाव ठरवताना माझे मत कोणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक मालक इंजिनाची चिंता करत बसतात, कारण ते बंद पडलेले असते आणि समोर दिसते. प्रत्यक्षात एमजीबीचे इंजिन हा तिचा सर्वांत सोपा आणि स्वस्त अवयव आहे. निर्णय होतो तो ‘सिल’मध्ये, म्हणजे दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सर्व भार उचलतो, आणि त्यातही सिल हा कणा आहे. सिल तीन थरांची असते. बाहेरून दिसतो तो पहिला पत्रा, आत उभा मधला पत्रा, आणि खाली ‘कॅसल रेल’ नावाची पट्टी, जिची कड किल्ल्याच्या तटावरील चर्यांसारखी दातेरी असते आणि त्या दात्यांमधील खाचांतून आत शिरलेले पाणी बाहेर पडते. या खाचा चिखलाने बुजल्या की पाणी आत साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो.

स्नेह्यांच्या गाडीखाली मी पाठीवर सरकत गेलो तेव्हा सोबत एक टॉर्च, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि फ्रिजवर लावण्याचे लोहचुंबक एवढेच सामान होते. डाव्या बाजूला खाचा मोकळ्या होत्या आणि स्क्रू-ड्रायव्हर दाबला की टणक आवाज येत होता. उजव्या, म्हणजे चालकाच्या बाजूला खाचा दिसेचनात. बाहेरची सिल गुळगुळीत होती, परंतु दाराच्या मागच्या टोकाशी लोहचुंबक धरले तर ते चिकटेना आणि तळहातावर घरंगळले, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली होती. कोण्या जुन्या मालकाच्या काळात कोणत्या तरी वर्कशॉपने सडलेली सिल कापून न काढता तिच्यावर नवा पत्रा चढवला होता. इथे अशा कामाला ‘ओव्हरसिल’ म्हणतात, आणि जाहिरातीत मात्र ‘सिल नवी’ असेच छापतात. मी स्वतः पहिली गाडी घेताना याच दोन शब्दांवर विश्वास ठेवला होता आणि त्याची किंमत पुढे वेल्डरला मोजली.

दुसरी चाचणी अधिक सोपी आहे. दार व्यवस्थित उघडझाप होते हे पाहावे, मग गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि तेच दार पुन्हा उघडून पाहावे. फट आवळून दार अडकू लागले तर सांगाडा वाकतो आहे, आणि तो वाकतो म्हणजे सिल भार घेत नाही. जीटीला टपाचा आधार असतो, त्यामुळे ती ही परीक्षा थोडी लबाडीने उत्तीर्ण होते. रोडस्टरचे मात्र बिंग लगेच फुटते. याच कारणाने सिल बदलताना दोन्ही बाजू एकाच वेळी कापायच्या नसतात आणि रोडस्टरच्या दाराच्या चौकटीत आधाराची सळई लावल्याशिवाय कापायला सुरुवात करायची नसते. जो कारागीर हे आपण न विचारता सांगतो, त्याच्याकडेच काम द्यावे.

आता दोन्ही पर्यायांचा हिशेब शेजारी शेजारी ठेवू. स्नेह्यांनी एका वर्कशॉपकडून घेतलेला अंदाज असा होता : पत्राकाम आणि वेल्डिंग ६,५०० पौंड, संपूर्ण रंग ६,००० पौंड, ब्रेक, क्लच, पेट्रोलची टाकी व टायर १,८०० पौंड, आतील आसने आणि अस्तर १,२०० पौंड. ही बेरीज १५,५०० पौंड होते आणि तीवर २० टक्के व्हॅट धरला की १८,६०० पौंड होतात. काम उत्तम झाले तरी त्यांच्या गाडीला साधारण १०,००० पौंडांपेक्षा जास्त येतील असे मला वाटत नाही. उलट, आज आहे त्या स्थितीत ‘प्रोजेक्ट’, म्हणजे घेणाऱ्याने दुरुस्त करायची गाडी, म्हणून ती २,५०० पौंडांना जाऊ शकते. म्हणजे उभी करून लगेच विकली तर आज विकण्याच्या तुलनेत ११,१०० पौंड कमी हाती राहतात, आणि वर्कशॉपच्या अंदाजात ऐनवेळी निघणारा गंज नेहमीच धरलेला नसतो. विकण्यासाठी दुरुस्त करणे हा पर्याय एवढ्यावरच बाद होतो. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

स्वतःसाठी दुरुस्त करण्याचा हिशेब मात्र वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. पुढील दहा वर्षे गाडी चालवायची असेल तर तोच तोटा वर्षाला सुमारे १,१०० पौंड पडतो, आणि नवी कोरी गाडी घेणारा माणूस पहिल्या तीनच वर्षांत घसाऱ्यापोटी किती गमावतो हे पाहिले तर हा आकडा भीतिदायक राहत नाही. शिवाय चाळीस वर्षांवरील गाडीला ब्रिटनमध्ये वाहनकर भरावा लागत नाही, मोठे फेरबदल केलेले नसतील तर २०१८ पासून एमओटी या गाडीच्या सुस्थितीच्या वार्षिक तपासणीतूनही सूट आहे, आणि ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंद असेल तर लंडनच्या यूलेझ या प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रातही शुल्क लागत नाही. एमओटीची सूट वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सूट तपासणीतून मिळाली आहे, गाडी सुस्थितीत ठेवण्याच्या जबाबदारीतून नव्हे, आणि वर्षातून एकदा त्रयस्थ माणसाने ब्रेक पाहिलेले बरे.

काही खर्च अंदाजपत्रकात येत नाहीत, तेही लक्षात घ्यावेत. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले, झाले आहे. त्यातील इथेनॉल जुने रबरी पाइप खाते आणि ओलावा धरते, त्यामुळे पाइप बदलून घ्यावेत आणि कमी इथेनॉलचे, ‘ई५’ लिहिलेले महाग पेट्रोल भरावे. पेट्रोलमधील शिसे इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकांची (व्हॉल्व्ह सीटची) झीज रोखत असे; ते पेट्रोल बंद झाल्यानंतर इंजिनाच्या हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या होत्या का, हे जुन्या बिलांत शोधावे. नसतील तर एकतर पेट्रोलमध्ये शिशाची जागा घेणारे द्रावण मिसळत राहावे किंवा हेडचे काम करून घ्यावे. गाडीच्या मूळ नोंदींचे प्रमाणपत्र गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळते, आणि मूळ रंग व इंजिन क्रमांक जुळत असतील तर ते दुरुस्ती आणि विक्री दोन्हींसाठी उपयोगी पडते.

गाडी पुण्याला न्यावी असे कोणीतरी सुचवतेच. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंद होऊ शकते, परंतु ती प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. आयातीची कागदपत्रे आणि सीमाशुल्क त्याआधीच येते. दहा हजार पौंडांच्या गाडीसाठी हा द्राविडी प्राणायाम मला पटत नाही.

विकायचेच ठरले तर दोन चुका टाळाव्यात. पहिली म्हणजे उत्साहात गाडी खोलून ठेवणे आणि मग विचार बदलणे. सुटे केलेले बोल्ट डब्यांत आणि दारे भिंतीला टेकलेली, अशा गाडीला अखंड प्रोजेक्टच्या निम्मीही किंमत येत नाही, कारण काय हरवले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरी म्हणजे विक्रीपूर्वी वरवरचा रंग मारणे. एमजीबी घेणारा माणूस लोहचुंबक घेऊनच येतो; नवा रंग दिसला की त्याचा संशय वाढतो आणि भाव उतरतो. उजव्या सिलमध्ये काय आहे ते आपणहून सांगावे, तिची छायाचित्रे द्यावीत आणि मार्च-एप्रिलमध्ये एमजी ओनर्स क्लब किंवा एमजी कार क्लबच्या सभासदांपर्यंत जाहिरात पोहोचवावी. लिलावात ती लवकर जाते, परंतु दलाली द्यावी लागते. खासगी गाडीच्या विक्रीवर इथे भांडवली नफ्याचा कर नाही, आणि आपल्या उदाहरणात नफाही नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि माझी दुसरी गाडी मी तिनेच उभी केली. आधी गाडी सुरक्षितपणे चालती करायची, मग दर हिवाळ्यात एकच काम घ्यायचे : एका वर्षी एक सिल, पुढच्या वर्षी गाडीच्या तळाचा पत्रा, आणि रंग सर्वांत शेवटी. स्नेह्यांच्या गाडीची डावी बाजू शाबूत असल्यामुळे हे त्यांना शक्य आहे. दोन्ही बाजू गेल्या असत्या तर मी विकण्याचाच सल्ला दिला असता. या वाटेची सोय अशी की तिची पहिली पायरी विकणाऱ्यालाही चढावी लागते, कारण स्वतःच्या चाकांवर बाहेर येणारी गाडी, सिल सडलेली असली तरी, ढकलत आणलेल्या गाडीपेक्षा चांगल्या भावाला जाते. चिकटलेला क्लच सोडवणे, ब्रेकचे सिलिंडर बदलणे आणि टाकी धुणे यांवर होणारे काहीशे पौंड कोणत्याही निर्णयात वाया जात नाहीत.

स्नेह्यांनी अजून काही ठरवलेले नाही. मखर मात्र त्यांनी माळ्यावर हलवले आहे, आणि क्लच सोडवण्यासाठी मला येत्या शनिवारी जेवायलाच बोलावले आहे.